हवालदारांचं भ्या

"मला भ्या वाटतंय" असं भर लोकांत, खणखणीत आवाजात सांगणारा एकच पुरुष मी आयुष्यात पाहिला, आणि तोही फौजेतून पेन्शन घेऊन आलेला. बाकीचे पुरुष, आमचे मास्तर धरून, घाबरले की चिडतात, खेकसतात, नाहीतर उगाच खाकरतात. कबूल करायचं नाव नाही. हवालदार मात्र सरळ सांगायचे, आणि सांगून झालं की कामाला लागायचे.

पहिल्यांदा ऐकलं ते बोटीच्या दारात. स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी नवी नवरी, मास्तरांच्या नोकरीच्या गावी निघालेली. माहेर पनवेलचं, त्यामुळे खाडी पाहिलेली, उघडा समुद्र नाही. मुंबईची बोट आमच्या गावाला काठाशी लागायची नाही. खोल पाण्यात उभी राहायची, गावातून पडाव, म्हणजे मोठी होडी, यायचा आणि बोटीच्या दारातून खाली त्या हलत्या पडावात उडी मारायची. लाट आली की पडाव पायाशी, गेली की पुरुषभर खाली. मास्तर टुणकन उडी मारून मोकळे झाले आणि खालून मला हात करायला लागले. मेलं, हात करायला काय जातंय!

माझ्या पुढं रांगेत हवालदार. उंच देह, टोकं वळवलेल्या मिशा, खाकी कोट, खांद्यावर काळी ट्रंक. ते दारात आले आणि थांबले. मागचे ढकलायला लागले तसे म्हणाले, "थांबा. मला भ्या वाटतंय."

बोटीवरचे खलाशी खो खो हसले. खाली पडाव हाकणारा म्हातारा तांडेल ओरडला, "आरं, फौजेत काय पोळ्या लाटत व्हतास?" हवालदारांनी तिकडं लक्षच दिलं नाही. पाण्याकडं बघत राहिले, पडाव एकदा वर येऊन खाली गेला, पुन्हा वर आला तेव्हा त्यांनी नुसता पाय पुढं टाकला. उडी नाहीच. पायरी उतरावी तसे उतरले. मग वळून माझ्याकडं बघितलं.

"बाय, भ्या वाटतंय?"

"नाही," मी म्हटलं. नवी नवरी, दुसरं काय म्हणणार?

"मग उतरू नको. आधी खरं सांग."

"वाटतंय हो!" मी रडकुंडीला येऊन ओरडले.

"हां. आता पाण्याकडं बग. मी हां म्हणलो की पाय टाक."

मी पाय टाकला. साडीचा काठसुद्धा भिजला नाही. पुढं कळलं की या माणसाला पोहता येत नव्हतं. समुद्रकाठचा माणूस आणि पोहता येत नाही, याचं गावात कोण कौतुक! पण ते घराणं शेतीतलं, डोंगराच्या कुशीतलं. सुपारीची वाडी बायकोकडून आलेली म्हणून ते किनाऱ्यावर येऊन राहिले. ती वाडी आमच्या बिऱ्हाडाला लागून. मधे कमरेएवढा दगडी गडगा. पुढची पंधराएक वर्षं त्या गडग्यावरून माझ्या घरात नारळ, माशाचं कालवण आणि अन्सावैनीच्या शिव्या येत राहिल्या.

अन्सावैनी म्हणजे हवालदारांची बायको. तिच्या शिव्या नवऱ्याला असत, पण ऐकू सगळ्या आळीला. आणि तिचं तरी काय चुकत होतं? या माणसाच्या एकेक तऱ्हा. घरावर कौलं सारायला चढताना शिडीखाली उभं राहून सांगणार, "भ्या वाटतंय," आणि मग शिडी हलवून बघणार. विहिरीत उतरताना तेच. बैल सोडताना तेच. नुकत्या खणलेल्या मातीवर तर पाय ठेवायचेच नाहीत. वैनीनं भाजीचा वाफा खणला की हे पार गडग्याला वळसा घालून परसात जाणार. खणण्याचं सगळं काम तिच्या बोडक्यावर. "लोकांचे घो फौजेतून येतात ते शूर होऊन येतात," ती गडग्यावरून मला सांगायची, "ह्यांना बगा, मेथीच्या वाफ्याला भितात!"

पुळणीवरची तऱ्हा आणखी निराळी. ओहोटीला वाळू कोरी झाली की हवालदार थांबायचे. कुणालातरी पुढं जाऊ द्यायचे आणि त्याच्या पावलांत पाऊल टाकत चालायचे. हे कोळणींच्या ध्यानात आलं नसतं तरच नवल. डोईवर पाटी घेऊन त्या मुद्दाम वाकड्यातिकड्या चालायच्या, मधेच गोल फिरायच्या. मागून हवालदारही गंभीर तोंडानं वाकडे चालणार, गोल फिरणार. पदर तोंडात कोंबून बायका हसत सुटायच्या. मीही हसलेय. आणि त्यांना कळत नव्हतं असं थोडंच आहे? एकदा मला म्हणाले, "हसू दे, बाय. हसतायत म्हंजे जित्या हायत."

त्यांचं गावातलं नाव पडलं "भित्रा हवालदार". नाव त्यांनी मुकाट घेतलं. ते खुपलं फक्त यशवंतला, त्यांच्या एकुलत्या एक मुलाला.

येशा म्हणजे बापाच्या अगदी उलटं. मिसरूड फुटायच्या आधीच तो सुपारीवर चढायला लागला होता. आमच्याकडं सुपारी काढणारा प्रत्येक झाडावरून खाली उतरत नाही. शेंड्याशी बसून झाड झोक्यासारखं हलवायचं आणि पलीकडचं झाड हाताशी आलं की ते धरून तिकडं जायचं. अशी सगळी वाडी वरच्या वर करायची. बाकीचे हे करताना देवाचं नाव घेतात, येशा गाणी म्हणायचा. एकदा पलीकडचं झाड त्याच्या हातून सुटलं. एका हातावर लोंबकळला, पाय हवेत. मी परसात भांडी घासत होते, हातातला तांब्या खाली पडला. त्यानं कसंबसं दुसऱ्या हातानं झाड पकडलं आणि सरसर खाली आला. छाती खरचटून लालभडक झालेली.

हवालदार खाली उभे होते. ते रागावले नाहीत, मारलं नाही. एवढंच विचारलं, "भ्या वाटलं का रं?"

"छ्या!" येशा म्हणाला आणि हसत पुढच्या झाडावर चढला.

हवालदार तिथंच मटकन बसले. मुलगा वाचला त्याचा आनंद चेहऱ्यावर औषधालाही नव्हता. मला काही कळेना. मी गडग्याशी गेले आणि म्हटलं, "अहो, देवानं वाचवलं, आणि तुम्ही असे काय बसलात?"

त्या दुपारी त्यांनी मला शंकरची गोष्ट सांगितली. अन्सावैनी शेजारी अडकित्त्यानं सुपारी कातरत होती, आणि त्या दिवशी तिनं एकही शिवी दिली नाही.

शंकर त्यांचा जोडीदार, पोलादपूरकडचा. दोघंही सुरुंग काढणाऱ्या पलटणीत. काश्मीरच्या लढाईत रस्त्यावर पुरलेले सुरुंग शोधायचे. जमिनीवर पालथं पडून संगिनीच्या टोकानं माती हळूहळू टोचत सरकायचं. टोकाला लोखंड लागलं की थांबायचं.

"त्या सकाळी शंकरचा चहाचा मग दातावर वाजत व्हता, बाय. हात कापत व्हते. मी बगितलं. इचारलं, काय रं, भ्या वाटतंय? म्हणला, छ्या, थंडी हाय. आता मला बी भ्या वाटत व्हतंच की. पण मी बी म्हणलो, व्हय, थंडीच हाय. दोघं हसलो नि कामाला लागलो. परत आलो तो मी एकटाच."

वैनीपुढचं सुपारीचं एक खांड त्यांनी उचललं आणि नुसतं बोटांत फिरवलं.

"साहेबाला सांगितलं असतं तर त्या दिवसापुरता दुसरा माणूस मिळाला असता. कापत्या हातानं ते काम व्हत न्हाय. पण त्यानं सांगितलं न्हाय. आन् मी आधी बोललो असतो तर तो बी बोलला असता. ह्ये मला म्हाईत हाय. म्हनून आता मी आधीच बोलतो. मागनं कुनाला बोलायचं असंल तर त्याला लाज वाटायला नको."

बोटीच्या दारातली माझी रडकी हाक मला तेव्हा आठवली. आणि मी ओरडले नसते तर काय झालं असतं, तेही डोळ्यांपुढं आलं.

"येशाला पलटणीत जायचंय," अन्सावैनी खाली मान घालून म्हणाली. "दुसरं डोक्यातच न्हाय त्याच्या."

"जाऊ दे की," हवालदार म्हणाले. "मी अडवनारा कोन? पण एकदा मला म्हणू दे, आबा, मला भ्या वाटलं. एवढं त्याच्या तोंडनं ऐकलं की मी निवांत. मग तो येतोय परत."

त्यांना मुलाकडून हवं होतं ते एवढंच. आणि तो पोरगा ते सोडून बाकी सगळं द्यायला तयार होता.

मग तो बोयाचा प्रकार झाला. येशा सोळा-सतरा वर्षांचा असेल. कोळ्यांच्या जाळ्यात मोठा लोखंडी गोळा आला. मुंबईच्या बंदरात खुणेला तरंगणारा बोया तुटून वाहत आलाय असं सगळ्यांना वाटलं. होड्या बांधायला बरा म्हणून तो ओढत पुळणीवर आणला. गंजलेला, शिंपल्यांनी भरलेला, आणि अंगावर बोटबोटभर जाड शिंगं. आता दर्यानं दिलेली वस्तू तशीच वापरायची नाही, असा तिथला रिवाज. आधी तिला हळदकुंकू लावायचं, मग तिच्यावरच नारळ वाढवायचा. बायका ताट घेऊन आल्या. मीही गेले, खोटं कशाला सांगू? गोळ्याला मी माझ्या हातानं कुंकू लावलं. म्हातारा तांडेल म्हणाला, शिंगावर नारळ छान फुटेल. आणि नारळ फोडायचा मान येशाला, कारण तो नारळ त्यानंच झाडावरून काढलेला.

एवढ्यात हवालदार पुळणीवर आले. लांबूनच त्यांनी तो गोळा बघितला आणि जागच्या जागी थांबले.

"मला भ्या वाटतंय!"

झालं. सगळी पुळण हसली. पंधरा दिवसाला एकदा ऐकलेलं वाक्य, कोण मनावर घेणार? "आता बोयाला बी भितोय!" कुणीतरी ओरडलं. येशाचं तोंड लाल झालं. त्यानं नारळ वर उचलला.

मग हवालदार चालत आले. कोरी वाळू, पुढं कुणाचं पाऊल नाही, आणि ते सरळ तिच्यावरून आले. मी पहिल्यांदा तसं बघितलं. येऊन त्यांनी त्या शिंगावर आपला पंजा ठेवला.

"येशा, नारळ खाली ठेव."

"आबा, गावात हसं करू नका."

"ठेवायचा नसंल तर फोड. माझ्या हातावर फोड."

त्यांचा हात थरथर कापत होता. येशाचा हात तसाच हवेत. बापाच्या हातावर नारळ कोण फोडेल? हात हळूहळू खाली आला. पण तोंडावर भीती नव्हती हो, नुसता संताप.

अन्सावैनीनं नवऱ्याच्या हाताकडं बघितलं. आयुष्यभर त्यांना शिव्या देणारी बाई ती, तिला तो हात ओळखता आला असणार. तिनं हळदकुंकवाचं ताट फेकून दिलं आणि एका कोळणीची पाटी उलटी धरून माणसांना हाणायलाच लागली. "पळा! पळा मेल्यांनो! ह्यांना खरंच कायतरी दिसलंय!" आम्ही जिवाच्या आकांतानं पळालो. सगळ्यात शेवटी हवालदार निघाले, शिंगावरचा हात अगदी सावकाश काढून, येशाचा दंड धरून.

नंतर मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? म्हणाले, "असलं मी कदी पाह्यलं न्हाय, बाय. पन लोखंडाला उगा शिंगं फुटत न्हाईत." बोर्लीच्या पोलीस ठाण्यात निरोप गेला, तिथून वर गेला, आणि दोन-चार दिवसांनी मुंबईहून लष्कराची माणसं आली. महायुद्धातला समुद्री सुरुंग तो, शिंगाला धक्का लागला की फुटणारा. त्यांनी सगळ्यांना टेकडीवर नेऊन बसवलं आणि तो तिथंच उडवला. आमच्या स्वयंपाकघराची कौलं खाली आली. पुळणीला विहिरीएवढा खड्डा. मी माझ्या बोटाकडं बघत राहिले. त्याच बोटानं मी कुंकू लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी तांडेलानं हवालदारांच्या दारात मोठी सुरमई आणून ठेवली आणि न बोलता निघून गेला. चिडवणं काही थांबलं नाही, गाव ते गाव. पण कोळणी वाळूवरून सरळ चालायला लागल्या. हवालदार मागून येताना दिसले की पावलं जरा दाबून टाकायच्या.

येशाला मात्र सुरुंग उडवला त्याच संध्याकाळी बापानं विचारलं होतं, आणि मी गडग्याशी उभी होते.

"आता तरी सांग. भ्या वाटलं?"

"तुमच्या हाताकडं बगून राग आला," येशा म्हणाला. "भ्या न्हाय."

हवालदार आमच्या ओट्यावर येऊन बसले. मास्तरांनी चहा पुढं केला, तो निवून गेला. "शंकर असाच व्हता," एवढंच म्हणाले. मला त्या पोराचा असा राग आला! एक शब्द बोलायचा, त्यात कसली आलीय मानहानी?

एक-दोन वर्षांत येशा भरती झाला. बापाच्या पाया पडला, बापानं डोक्यावर हात ठेवला, पण तोंडातून "जा" हा शब्द काही निघाला नाही. पडावात येशानं धावत येऊन उडी मारली, सगळे वाहवा म्हणाले. हवालदार मान फिरवून उभे राहिले.

पुढची वर्षं कशी गेली ते मी बघितलंय. लढाईच्या बातम्या आल्या की अन्सावैनी वाफे खणत बसायची, गरज नसताना. हवालदार गडग्याला वळसे घालायचे. आमच्याकडं रेडिओ नव्हता. देवळाजवळच्या दुकानात होता. तिथं जायच्या आधी ते आमच्या ओट्यापाशी थांबून मोठ्यानं सांगायचे, "मास्तर, भ्या वाटतंय." मास्तर आधी नुसते हुं म्हणायचे. मग एक दिवस चप्पल घालून उठले आणि म्हणाले, "मलाही वाटतंय. चला." हे आमचे मास्तर! मी स्वयंपाकघरात डोळे पुसले.

पंजाबाकडची लढाई थांबली आणि काही दिवसांनी येशा रजेवर आला. हातीपायी धड. अन्सावैनीनं त्याच्यावरून मीठमोहऱ्या उतरवल्या, आळीला वडे घातले. पोरगा मात्र गप्प. खाणं नीट नाही, गाणं तर नाहीच. सुपारी काढायचे दिवस होते, गडी वाडीत वरच्या वर झोके घेत होते, आणि हा खाली बसून वर बघत होता.

एका सकाळी मी परसात होते. येशा विहिरीवरून निघाला. वाटेत आईनं नुकताच खणलेला वाफा. तो वाफ्याच्या कडेला थांबला आणि पार गडग्याला वळसा घालून घरात गेला. अगदी बापासारखा. अन्सावैनी ओल्या हातानं तशीच उभी राहिली. हवालदार ओसरीवर बसले होते, त्यांनीही बघितलं. मला वाटलं, आता विचारतील. पण नाही विचारलं. सगळ्या जन्मात जे विचारलं ते नेमकं आताच गिळून टाकलं.

"विचारा ना त्याला," मी न राहवून गडग्यावरून म्हटलं.

"न्हाय, बाय. आता तो माझ्या गावचा झाला. आता इचारायचं नसतं."

रजा संपली. योगायोग असा की त्याच आठवड्यात आमच्या बदलीचा हुकूम आलेला, त्यामुळे मी त्या किनाऱ्यावर उभी राहिले ती शेवटचीच. येशाला पोचवायला अर्धं गाव आलं होतं. पडाव गुडघाभर पाण्यात उभा, लाटांनी आपटत होता. तांडेलानं हात पुढं केला, "चल रं, मार उडी, मागल्यासारखी!"

येशा पाण्यात गेला, पडावाच्या कडेला हात ठेवला आणि थांबला. सगळे थांबले. मग तो वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"आबा, मला भ्या वाटतंय."

कुणी हसलं नाही. तांडेलानं पुढं केलेला हात मागं घेतला.

हवालदार काठावर होते, पाणी लागणार नाही इतक्या अंतरावर, नेहमीसारखे. "लई वाटतंय?" त्यांनी विचारलं.

"लई."

"मला बी," हवालदार म्हणाले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. "आता जा, बाळा. आता खुशाल जा."

येशानं लाटेकडं बघितलं, पडाव खाली येऊ दिला आणि पायरी चढावी तसा चढला. पडाव निघाला. आणि तेव्हा हवालदार पाण्यात शिरले. थांबले नाहीत, खाली बघितलं नाही, काही बोलले नाहीत. हात वर करून नुसते त्या पडावामागं चालत राहिले. गुडघे गेले, मांड्या गेल्या, धोतर पाण्यावर तरंगायला लागलं. अन्सावैनी तोंडावर पदर धरून रडत होती, तिचं लक्षच नव्हतं. बाकीचे सगळे पडावाकडं बघत होते. पाणी त्यांच्या छातीला लागलं, आणि पोहता तर येत नव्हतं.

मी काठावरून जिवाच्या आकांतानं ओरडले, "हवालदार, मला भ्या वाटतंय हो!"

ते थांबले. मागं वळून त्यांनी माझ्याकडं बघितलं, ओल्या मिशांतून तोंडभर हसले, आणि पाण्यातून वाट चाचपत सावकाश काठाकडं यायला लागले.